शपथ घेणे, शपथ घालणे

१

मराठीत शपथ दोन क्रियापदांनी चालते. माणूस शपथ घेतो आणि माणूस शपथ घालतो. घेतलेली शपथ घेणाऱ्याला बांधते, घातलेली शपथ समोरच्याला. ‘तुला माझी शपथ आहे’ असे म्हणणारा स्वतःचा जीव पणाला लावतो खरा, पण तो राहणार की जाणार हे ऐकणाऱ्याच्या वागण्यावर ठरते. लहान मुले हा व्यवहार फार गांभीर्याने घेतात. कुणी शपथ घातली की ‘सुटली म्हण’ असा धोशा लावतात, आणि ‘सुटली’ हा शब्द कानी पडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या लेखी खोटी शपथ घेणारा मरत नाही. ज्याच्या गळ्याची शपथ घेतली तो मरतो. आईची शपथ खोटी घेतली तर आई मरते. खोटे बोलणारा एक आणि त्याचे फळ भोगणारा दुसरा, ही कल्पना आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे ती विचित्र वाटेनाशी होते.

कौटुंबिक वादात शपथेवर खोटे बोलल्यास काय होते, ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात एका ओळीत मिळते : सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. पण हे उत्तर वाचून जो माणूस प्रत्यक्ष कुटुंब न्यायालयाच्या जिन्यावर उभा राहतो, त्याला त्या ओळीचा आणि समोर चाललेल्या व्यवहाराचा मेळ लागत नाही. पगार लपवले जातात, मारहाण नाकारली जाते, न झालेली मारहाण सांगितली जाते. आणि त्याबद्दल तुरुंगात गेलेला माणूस कुणी सहसा पाहिलेला नसतो. ह्या विसंगतीचा दोष न्यायाधीशांच्या आळसावर वा वकिलांच्या लबाडीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिचा इतिहास पाहिला तर ती बरीच जुनी आणि बरीच विचारपूर्वक घडलेली दिसते. त्या इतिहासाचा धागा, माझ्या मते, मुलांच्या त्या खेळातच आहे : शपथ कुणाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायची, आणि ती मोडली तर कोणी भोगायचे.

२

मनुस्मृतीचा आठवा अध्याय हा व्यवहाराचा, म्हणजे आजच्या भाषेत दाव्यांचा, अध्याय आहे. साक्षीदार कोण असावा ह्याचे नियम त्यात कडक आहेत; हितसंबंधी, मित्र, वैरी असे अनेक जण वर्ज्य ठरवले आहेत. परंतु दोन-तीन ठिकाणी घडलेल्या गोष्टींबाबत हे नियम सैल होतात, आणि ज्याने पाहिले असेल त्या कुणाचीही साक्ष चालते. ही ठिकाणे म्हणजे घराचा अंतर्भाग आणि अरण्य. शिवाय देहावर बेतलेला प्रसंग. घर आणि अरण्य एकाच पंक्तीत बसवणाऱ्या त्या स्मृतिकाराला कुटुंबातल्या वादाची मूळ अडचण नेमकी कळली होती असे म्हणावे लागते. दोन्हीकडे तटस्थ साक्षीदार नसतो. जे घडले ते घडवणाऱ्यांनीच पाहिलेले असते.

खोट्या साक्षीची शिक्षा त्याच अध्यायात हेतूनुसार बदलते. लोभाने खोटे बोलणाऱ्यास एक हजार पण दंड, मोहाने बोलणाऱ्यास अडीचशे, मैत्रीपोटी बोलणाऱ्यास हजार, कामाने बोलणाऱ्यास अडीच हजार, अज्ञानाने बोलणाऱ्यास दोनशे, पोरकटपणाने बोलणाऱ्यास शंभर. ही श्रेणी समतेची नव्हे, हे सांगायलाच हवे. वर्णानुसार शपथ वेगळी होती, आणि इतर तिन्ही वर्णांना दंड करून हद्दपार करावे, ब्राह्मणाला केवळ हद्दपार करावे असा भेदही तेथेच आहे. पण राजाच्या दंडापेक्षा मोठा धाक दुसराच होता. कोणत्या वस्तूविषयी खोटे बोलले असता किती बांधव नष्ट होतात ह्याचा हिशेब ग्रंथकार मांडतो : पशूविषयी पाच, गायीविषयी दहा, घोड्याविषयी शंभर, माणसाविषयी हजार. साक्ष दिल्यानंतर सात दिवसांत साक्षीदाराच्या घरी रोग, आग किंवा आप्ताचा मृत्यू झाला तर त्याची साक्ष खोटी समजावी असेही सांगितले आहे. आणि शपथ कशी घ्यावी ह्याचा एक विधी असा, की साक्षीदाराने आपल्या बायकोमुलांच्या मस्तकांना एकेक करून स्पर्श करावा.

म्हणजे मुलांच्या खेळातला तो नियम पोरकट नाही, तो स्मृतीतला आहे. शपथ खरी ठरवणारे तारण म्हणजे घरातली माणसे.

आता गंमत अशी, की ज्या ग्रंथात हे आहे त्याच ग्रंथात, त्या विधीच्या आधी दोनच श्लोक, शपथेला सूट दिलेली आहे. प्रियेपाशी, विवाहाच्या बाबतीत, गायीच्या चाऱ्यासाठी, सरपणासाठी आणि ब्राह्मणाच्या रक्षणासाठी खोटी शपथ घेतली तर पातक नाही. कुल्लूकासारखा टीकाकार ‘तूच माझी आवडती, दुसरी कुणी नाही’ अशा बहुपत्नीक पुरुषाच्या शपथेचा दाखला देऊन हे स्पष्ट करतो. म्हणजे बाहेरच्या व्यवहारातल्या खोट्याला हजार बांधवांचा नाश, आणि घरातल्या खोट्याला मुभा.

ह्या दोन खोट्यांमधली सीमारेषा कुठे आहे, हा प्रश्न महाभारताच्या आदिपर्वात एका कौटुंबिक प्रकरणातच उभा राहिला आहे. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे ययातीची कथा मराठी वाचकाच्या घरची झाली. पण मूळ कथेतला एक संवाद येथे आठवण्यासारखा आहे. शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नकोस, असे शुक्राचार्यांनी ययातीला बजावलेले असते. तो ते शर्मिष्ठेला सांगतो. तेव्हा ती पाच निष्पाप असत्यांची यादी ऐकवते : थट्टेतले, स्त्रियांपाशी बोललेले, विवाहाच्या वेळचे, प्राणसंकटातले आणि सर्वस्व लुटले जातानाचे. मात्र लगेच तीच पुस्ती जोडते की साक्षीत विचारले असता जो अन्यथा बोलतो तो पतितच. म्हणजे घरातले खोटे क्षम्य, साक्षीतले अक्षम्य. युक्तिवाद वकिली आहे आणि त्यातली फट उघड आहे : घरातल्याच गोष्टीविषयी साक्ष द्यायची वेळ आली तर?

कथा ती वेळ आणतेच. ‘हा मुलगा कुणाचा?’ ह्या देवयानीच्या प्रश्नाला शर्मिष्ठेने आधी एका ऋषीचे नाव पुढे केलेले असते. पुढे देवयानी थेट मुलांनाच बाप विचारते, आणि मुले बोट दाखवतात ते राजाकडे. कुणी त्यांना शपथ घातलेली नसते. मग शुक्राचा शाप ययातीला जरा देतो. आणि ती जरा अखेर कुणाच्या अंगावर जाते, तर पुरूच्या, त्याच शर्मिष्ठेच्या धाकट्या मुलाच्या. आईबापांच्या खोट्याचे फळ मुलाने भोगले. शर्मिष्ठेच्या यादीत ह्या सहाव्या गोष्टीला जागा नव्हती.

३

मराठेशाहीत न्यायनिवाडा गोतसभेपुढे, मजलिशीपुढे होई. ‘गोत’ ह्या शब्दातच उत्तर आहे : ज्यांच्यापुढे साक्ष द्यायची ते परके नव्हतेच. निवाड्याचा महजर उपस्थितांच्या साक्षीने होई. कागदपत्र व साक्षी अपुरे पडले की दिव्याची पाळी येई. तापल्या तेलातून वा तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, तो हात बांधून मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी सोडून पाहायचा. नदीच्या पाण्यात उभे राहून वा देवळात देवापुढे क्रिया करण्याचे प्रकार होते. बेलभंडार उचलणे हा वाक्प्रचार आपल्याकडे त्या जगातूनच आला. वतनाच्या तंट्यांतली अशी दिव्ये कागदोपत्री नोंदलेली आहेत. सोडचिठ्ठी, काडीमोड ह्यांसारखे घरगुती कज्जे बऱ्याच जातींत जातपंचायतीकडे जात, आणि तेथला अखेरचा दंड म्हणजे वाळीत टाकणे. तोही एकट्या माणसावर थांबत नसे. सबंध घराचा हुक्कापाणी बंद होई.

ही व्यवस्था क्रूर होती, विषम होती आणि आंधळी होती. भाजलेला हात खोटेपणा सिद्ध करत नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती : खोट्या शपथेचा अपराध हा ज्यांच्यात राहायचे त्या माणसांविरुद्धचा अपराध आहे. पुढच्या काळात नेमके हेच गृहीत बदलले.

४

कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ देण्याची रीत होती. सनातनी माणसाला ती नको असे. शपथ घेणे हेच त्याला अपवित्र वाटे, मग साक्ष खरी असो वा खोटी. १८४० च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांपुरती ती शपथ गेली, आणि तिच्या जागी परमेश्वराला साक्ष ठेवून केलेले दृढकथन आले. वरकरणी ही धार्मिक भावनेला दिलेली सवलत होती. परिणाम मात्र खोलवर झाला. पाणी गेले, पोथी गेली, उरले ते एक वाक्य. आणि ते खोटे ठरले तर भोवणारा कायदा.

तो कायदा १८६० च्या भारतीय दंडविधानाने दिला आणि तो १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्याच्या अकराव्या प्रकरणाचे शीर्षकच वाचण्यासारखे आहे : खोटी साक्ष आणि सार्वजनिक न्यायाविरुद्धचे अपराध. कलम १९१ मध्ये व्याख्या आणि कलम १९३ मध्ये शिक्षा : न्यायिक कार्यवाहीत सात वर्षांपर्यंत, अन्यत्र तीन वर्षांपर्यंत. व्याख्येचे एक स्पष्टीकरण साहित्याच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असे आहे. केवळ वस्तुस्थितीविषयीच नव्हे, तर स्वतःच्या समजुतीविषयी खोटे बोलणेही त्यात येते. जे आपण मानत नाही ते मानतो म्हणून सांगणे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणून सांगणे, दोन्ही खोटी साक्षच. कादंबरीकाराच्या अखत्यारीत येणारा हा मनाचा प्रदेश. दंडविधानाने त्याच्यावरही हक्क सांगितला.

परंतु ह्या प्रकरणात ज्याच्याविषयी खोटे बोलले गेले तो माणूस कुठेच नाही. अपराध न्यायाविरुद्धचा. मनूच्या हिशेबात पाच, दहा, हजार बांधव होते. नव्या हिशेबात एक न्यायालय.

तेरा वर्षांनी, १८७३ च्या शपथ कायद्यात, जुन्या जगाला एक छोटी खिडकी ठेवण्यात आली. पक्षकाराला वा साक्षीदाराला आपल्या समाजात बंधनकारक मानल्या जाणाऱ्या रीतीने शपथ घ्यायची असेल तर न्यायालय तशी परवानगी देऊ शके. एवढेच नव्हे, तर ‘माझ्या प्रतिपक्षाने अमुक शपथ घेऊन सांगितले तर ते मला मान्य’ असे म्हणण्याची सोय होती. प्रतिपक्षाने तशी साक्ष दिली की ती म्हणणाऱ्याविरुद्ध निर्णायक ठरे. ही आपली ‘शपथ घालणे’च होय; इंग्रजी कायद्यात तिला रीतसर कलमे मिळाली होती. मात्र अशा शपथेवर दोन अटी होत्या. ती न्यायाला वा सभ्यतेला सोडून नसावी, आणि तिचा रोख कुणाही तिऱ्हाईत व्यक्तीवर नसावा.

ही दुसरी अट लक्षपूर्वक पाहावी. बायकोमुलांच्या मस्तकांवर हात ठेवण्याचा विधी येथे, ह्या काही शब्दांत, कायद्याने बंद केला. बापाच्या शब्दाला मुलाचा जीव तारण राहणार नाही, असे राज्याने सांगितले. आधुनिक कायद्याने केलेल्या चांगल्या गोष्टींत ह्या अटीची गणना करायला हवी. १९६९ च्या शपथ कायद्याने ती खिडकीही बुजवली आणि विशेष शपथांची कलमे वगळली. राहिली ती ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, आणि साक्ष देणाऱ्यावर सत्य सांगण्याचे बंधन. बारा वर्षांखालच्या ज्या मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, त्याला शपथ न देताही त्याची साक्ष चालते. ययातीकडे बोट दाखवणाऱ्या मुलांना आजच्या न्यायालयातही शपथेवाचून बोलता आले असते.

५

मग एवढा स्पष्ट कायदा असून शिक्षा का होत नाही? कारण खोट्या साक्षीबद्दल फिर्याद करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरंभी न्यायालयाची मंजुरी घेऊन खासगी माणसाला फिर्याद करता येत असे. १९२३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि लेखी तक्रार न्यायालयानेच करायची असे ठरले. दावा हरलेल्याने जिंकलेल्याच्या साक्षीदारांवर सूड म्हणून खटले भरू नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. १९७३ च्या संहितेत हीच व्यवस्था कलम १९५ व ३४० मध्ये आली. नव्या कायद्यांनी १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले : भारतीय न्याय संहितेत व्याख्या कलम २२७, शिक्षा कलम २२९, कारावास पूर्वीइतकाच आणि दंड दहा हजार रुपयांपर्यंत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलमे २१५ आणि ३७९. सत्र न्यायालयाला किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला झटपट सुनावणीने तीन महिन्यांपर्यंत कैद देता येईल अशी तरतूदही, पूर्वी कलम ३४४ होती ती, आता कलम ३८३ म्हणून आहे.

पती वा पत्नी ह्यांपैकी ज्याला समोरच्याचे खोटे उघड करायचे असेल त्याने कुटुंब न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालयाने प्रथमदर्शनी मत बनवायचे, लागल्यास प्राथमिक चौकशी करायची, निष्कर्ष नोंदवायचा, आणि मगच न्यायदंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवायची. ह्या आदेशावर अपील आहे. मुख्य म्हणजे खोटे सिद्ध झाले एवढ्याने भागत नाही. तक्रार करणे न्यायाच्या हिताच्या दृष्टीने इष्ट आहे असे न्यायालयाला वाटावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले की खोटे जाणूनबुजून व महत्त्वाच्या मुद्द्यावर असावे आणि दोषसिद्धीची वाजवी शक्यता असावी. २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, तेही एका मृत्युपत्राच्या, म्हणजे कौटुंबिकच वादात, ह्या इष्टतेची कसोटी अधिक स्पष्ट केली. त्या खोट्यामुळे पक्षकाराला किती इजा झाली हे पाहायचे नाही. न्यायदानाच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला हे पाहायचे.

कायद्याच्या तर्काने हे बिनचूक आहे. पण कुटुंब न्यायालयात उभ्या असलेल्या स्त्रीच्या बाजूने पाहा. नवऱ्याने पगार निम्मा सांगितला, त्यामुळे पोटगी निम्मी झाली, त्यामुळे मुलाची शाळा बदलली. कायद्याच्या दृष्टीने ह्या साखळीतली शेवटची कडी गौण आहे. किंवा एखाद्या बापाचे पाहा : न घडलेल्या वर्तनाचा आरोप शपथपत्रात आला आणि ताबा ठरेपर्यंत मूल त्याला ओळखेनासे झाले. तेही गौण. दुखावले गेले ते न्यायालय, आणि न्यायालयाला पुष्कळदा वाटते की आपण एवढे दुखावलो नाही.

ह्याला व्यावहारिक कारणेही आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. पगार लपवणाऱ्या बापाला तुरुंगात धाडले तर पोटगी द्यायची कुणी? मुलाच्या आईवर खटला भरला तर मुलाने राहायचे कुठे? शिवाय कलम ३४० चे अर्ज दोन्ही बाजूंनी एकमेकांवर फेकण्याचे हत्यार बनतात आणि मूळ दावा बाजूला राहतो. म्हणून न्यायाधीश बहुधा दुसरी वाट धरतात. लपवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढायचे, उत्पन्नाचा अंदाज स्वतः बांधायचा, दाव्याचा खर्च लादायचा, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवायचा नाही. फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा शून्यवत असतो हे तत्त्वही आहेच. हे परिणाम दंडविधानात नाहीत. पण कुटुंब न्यायालयात खोट्याची खरी किंमत मोजली जाते ती बहुतेक ह्याच नाण्यात.

६

पक्षकारांच्या लबाडीविषयी बोलताना एक गोष्ट विसरली जाते : बराच काळ कायद्यानेच त्यांना खोटे बोलायला लावले. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने हिंदूंना घटस्फोट मिळू लागला, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर आला. दोन्हींचा पाया दोषाचा. एकाने अपराध केला असला पाहिजे आणि दुसऱ्याने तो सिद्ध केला पाहिजे. दोघांनी मिळून ठरवून अर्ज केला असेल तर तो संगनमत म्हणून फेटाळला जाई. म्हणजे ज्या जोडप्याला भांडण न करता वेगळे व्हायचे होते त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत : एकत्र राहणे, किंवा भांडल्याची शपथ घेणे.

हा साचा इंग्लंडातून आला होता, आणि तेथे त्याचे पुरते हसे झाले होते. हॉटेलातल्या खोलीत परस्त्रीबरोबर राहिल्याचा देखावा करून पुरावा तयार करणे हा तेथे धंदाच झाला होता. ए. पी. हर्बर्ट ह्यांनी १९३४ मध्ये ‘होली डेडलॉक’ ही कादंबरी त्याच्यावर लिहिली, आणि पुढे खासदार होऊन १९३७ चा सुधारणा कायदा मंजूर करून घेतला. विनोदी कादंबरीकाराने कायदा बदलल्याची अशी उदाहरणे फार नसतील. आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला, आणि तडजोडीचे खोटे बोलण्याची गरज संपली. राहिले ते वैराचे खोटे.

७

१९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. महाराष्ट्रात ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. कायद्याचा भर समेटावर होता. वकील हा हक्क म्हणून मिळणार नाही, सुनावणी बंद दाराआड घेता येईल, आणि वाद सोडवण्यास उपयोगी पडेल असा कोणताही कागद वा जबाब, पुराव्याच्या कायद्यात बसो वा न बसो, स्वीकारता येईल. घराच्या अंतर्भागातल्या वादात साक्षीचे नियम सैल करावेत, ही मनूला सुचलेली गोष्ट संसदेने आपल्या कारणांनी पुन्हा केली. पतिपत्नींमधले बोलणे न्यायालयात उघड करू नये हा जुना संकेतही त्यांच्या आपसांतल्या दाव्यात लागू होत नाही. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले बोलणेही अशा दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले.

पुराव्याची दारे अशी एकेक उघडली गेली. शपथ मात्र जागची हलली नाही. उलट तिचे क्षेत्र वाढले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्जे आणि अवलंबून असलेली माणसे ह्यांचे विवरण शपथपत्रावर द्यायचे, आणि ते खोटे ठरल्यास खोट्या साक्षीची कार्यवाही व न्यायालयाचा अवमान ह्यांचा विचार न्यायालयाने करावा. त्या मूळ प्रकरणातही वाद पत्नीच्या आणि मुलाच्या पोटगीचा होता, आणि तो २०१३ पासून चालला होता. मूल वाढत होते आणि कागद फिरत होते.

ह्या निर्देशांनी घडलेला बदल शिक्षेपेक्षा मोठा आहे. दूधवाल्याचे बिल, शाळेची फी, सोन्याच्या बांगड्या, भावाकडून घेतलेले हातउसने, हे सारे आता शपथेच्या कक्षेत आले. शर्मिष्ठेच्या यादीतली घरातल्या खोट्याची जागा आणि साक्षीतल्या खोट्याची जागा एकाच छापील नमुन्यावर येऊन भेटली. घरात बोलायचे खोटे म्हणून जे शेकडो वर्षे माफ होते, त्याच्याखाली आता सही करावी लागते.

८

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये शपथ घेतली जाते ती ऑक्सफर्ड शब्दकोशावर. खेळच आहे म्हणून सगळे हसतात. मग एकेक साक्षीदार बेणारेबाईंच्या खासगी आयुष्याविषयी बोलू लागतो, आणि सामंत तर हातातल्या कादंबरीतला प्रसंगच साक्ष म्हणून सांगून टाकतो. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ह्या नाटकाकडे आपण समाजाच्या हिंसेचे नाटक म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण खोट्या साक्षीचे नाटक म्हणूनही ते पाहावे. निकाल लागतो तेव्हा शिक्षा नुसती आरोपीला होत नाही. तिच्या पोटातल्या जीवाला होते. त्याने साक्ष दिलेली नसते, त्याच्यावर आरोप नसतो, तो त्या खोलीत असूनही कुणाला दिसत नाही. तिऱ्हाईत ह्या शब्दाला ह्याहून अचूक उदाहरण मला आठवत नाही.

१८७३ च्या कायद्याने शपथेतून तिऱ्हाइताला सोडवले, हे चांगलेच झाले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बापाला बोलायला लावणारा जुना विधी पुन्हा यावा असे कुणी म्हणणार नाही. परंतु शपथेतून मूल सुटले तरी खोट्यातून ते सुटले नाही. लपवलेल्या पगाराची, रचलेल्या आरोपाची, नाकारलेल्या मारहाणीची झळ आजही त्यालाच लागते. फरक इतकाच की पूर्वी ते विधीत दिसत असे, आणि आता शपथपत्राच्या ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ ह्या रकान्यात त्याचे नाव आणि वय असते. न्यायाचे हित मोजताना त्या रकान्याकडे पाहावे, न्यायालयाला झालेल्या इजेबरोबर त्या नावाला झालेली इजाही इष्टतेच्या कसोटीत धरावी, एवढी मागणी कायद्याच्या चौकटीत बसणारी आहे. सगळ्या खोट्यांना तुरुंग दाखवण्याची त्यासाठी गरज नाही. खोटे पकडले गेल्यावर पोटगी, ताबा, भेटीचे दिवस ह्यांचा हिशेब लवकर आणि मागल्या तारखेपासून दुरुस्त झाला, तरी पुष्कळ झाले.

पुरूने बापाची जरा अंगावर घेतली त्याची स्तुती आपण पितृभक्ती म्हणून करत आलो. त्याला दुसरा मार्ग होता का, हे कुणी विचारले नाही. मुलांच्या खेळात निदान ‘सुटली’ म्हणणारा कुणीतरी असतो.